दप्तरखान्यातले रविवार : छोट्या संग्रहालयात आणि अभिलेखसंग्रहात स्वयंसेवकांचे काम कसे उभे करावे

आमच्या तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयात मागच्या बाजूला एक खोली आहे. खालच्या फळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, मधल्या फळ्यांवर जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधणी, आणि भिंतीलगतच्या काचेच्या कपाटांत गावकऱ्यांनी दिलेल्या वस्तू : अडकित्ते, समया, पानपुडे, दोन तलवारी, नाण्यांची एक पेटी. "संग्रह लावण्यासाठी मदत हवी" असा फलक आम्ही दारात लावला आणि पहिल्याच रविवारी २३ माणसे आली. कुणी फडके घेऊन आले होते, एक निवृत्त शिक्षक तर स्वतःचे भिंग घेऊन. आमच्याकडे मात्र टेबल एक, नोंदवही एक आणि काय करायचे हे माहीत असलेले माणूस एक. चौथ्या रविवारी चौघे उरले.

जे गेले त्यांचा काही दोष नव्हता. माणसे आली, पण काम तयार नव्हते. त्यानंतर मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांकडे यासाठी वेगळा कर्मचारीवर्ग असतो. हे लेखन त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्याकडे एक ग्रंथपाल, एक शिपाई आणि पत्र्याचे छप्पर आहे.

आधी काम, मग माणूस

स्वयंसेवक पगार घेत नाही, पण त्याचा प्रत्येक तास संस्थेकडून वेळ मागतो. कुणीतरी कपाट उघडायचे, कागद काढून द्यायचा, झालेले काम तपासायचे, पुन्हा जागेवर ठेवायचे. वस्तू किंवा कागद हाताळायचे काम असेल तर चार-पाच जणांमागे एक जाणकार माणूस पूर्णवेळ उभा हवा, हा माझा अनुभव. तो नसेल तर त्या दिवशी ते टेबल उघडू नये.

म्हणून फलक लावण्याआधी एका कागदावर कामे लिहून काढा आणि तीन गटांत वाटा. पहिला गट, मूळ वस्तूला हात न लावता होणारी कामे : स्कॅन केलेल्या पानांवरून सूची टंकणे, जुन्या दाखल नोंदवहीतल्या (संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू क्रमांकासह लिहिलेल्या वहीतल्या) नोंदी संगणकावर चढवणे, छायाचित्रांतली माणसे आणि जागा ओळखणे. दुसरा गट, हाताळणीची कामे : धूळ काढणे, क्रमांक देणे, मांजरपाटात बांधणे, मोजमाप घेणे. तिसरा गट लोकांसमोरचा : दालन दाखवणे, शाळांच्या सहली सांभाळणे. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा : एका बैठकीत किती होईल, काय शिकवावे लागेल, कोण तपासणार, आणि पूर्ण झाले हे कशावरून ओळखायचे. ही शेवटची गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. "रुमाल लावा" हे काम कधीच संपत नाही. "रुमाल क्रमांक १२ मधले सर्व कागद मोजून, क्रमांक देऊन, यादी करून परत बांधणे" हे काम संपते, आणि ते संपल्याचा आनंद घेऊन माणूस घरी जातो.

पाच-सहा बैठकांत संपेल असे एक काम निवडा आणि तिथून सुरुवात करा. सगळा संग्रह एकदम काढू नका. आम्ही काढला होता, आणि जमिनीवर पसरलेले ढीग पुन्हा त्यांच्या मूळ क्रमाने लावायला पुढचा सगळा हिवाळा गेला. अभिलेखात कागद कोणत्या कागदाशेजारी होता हीदेखील माहिती असते. एका घराण्याच्या रुमालातला कागद दुसऱ्यात गेला, की तो अर्धा मुका होतो.

काही कामे स्वयंसेवकाला कधीच देऊ नयेत, कितीही हुशार असला तरी : फाटलेल्या कागदाची दुरुस्ती, कीटकनाशके आणि रसायने, धातूची वस्तू घासून "चकचकीत" करणे, काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे याचा निर्णय, आणि किल्ल्या. आणखी एक गोष्ट मला मनापासून वाटते. जे काम पगारी माणसाचे आहे त्यासाठी पद मागत राहा. स्वयंसेवकांनी ग्रंथपालाची रिकामी जागा भरून काढली, की ती जागा कायमची रिकामी राहण्याची भीती असते.

कोणाला बोलवावे

महाराष्ट्रात या कामाला परंपरा आहे. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करत होते ते कुणाच्या नोकरीत राहून नव्हे. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले, तेही अशाच माणसांच्या बळावर. तेव्हा आपल्या गावात असे कोणी नसेल असे मानू नका. फक्त हाक नेमकी मारायला हवी.

निवृत्त तलाठी आणि महसुली कारकून आमच्याकडे सर्वांत मोलाचे ठरले. सर्व्हे नंबर, गटवारी, खातेउतारा, वतनांचे प्रकार त्यांना तोंडपाठ असतात. बँकेतून निवृत्त झालेली माणसे आकडे आणि नोंदी चुकू देत नाहीत. गृहिणींचा एक गट आमच्याकडे दुपारी दोन ते चार येतो. रविवारी त्यांना घरातून निघता येत नाही हे विचारल्यावरच कळले. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २४० तास सेवेचे भरायचे असतात. त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी सत्राच्या सुरुवातीलाच बोला, आणि परीक्षेच्या महिन्यांत त्यांना मोकळे सोडा. मोडीच्या वर्गांतून बाहेर पडलेले लोक तर वाचायला कागद शोधत असतात. राज्याचे पुराभिलेख संचालनालय असे प्रशिक्षण वर्ग घेते, पुण्यातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचेही मोडीचे वर्ग होतात.

सूचना लिहिताना "इतिहासप्रेमींनी संपर्क साधावा" असे लिहू नका. त्याने भाषणे करणारे येतात. असे लिहा : "दर शनिवारी १० ते १, सहा आठवडे. जुन्या नगरपालिका नोंदवहीतली नावे संगणकावर टंकायची. मराठी टंकलेखन येणे आवश्यक. बसून काम. चहा मिळेल, प्रवासखर्च दिला जाईल." प्रवासखर्च खरोखर द्या. एसटीने येणारा मुलगा आपल्या खिशातून दर आठवड्याला पैसे घालू शकत नाही, आणि तो बोलूनही दाखवत नाही.

पहिली भेट आणि एक पानी करार

पहिल्या भेटीत मुलाखत घेऊ नका, गप्पा मारा, पण चार प्रश्न चुकवू नका. वेळ कधी आहे? काय शिकायचे आहे? दमा, धुळीची ॲलर्जी, पाठीचे दुखणे आहे का? स्वतः नाणी, पोथ्या किंवा जुन्या वस्तू जमवता अथवा विकता का? हा शेवटचा प्रश्न अवघड वाटतो, तरी तो सगळ्यांना सारख्याच शब्दांत विचारावा. नाण्यांचा व्यवहार करणाऱ्याला नाण्यांच्या पेटीवर बसवू नये. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, उद्या एखादे नाणे सापडले नाही तर पहिला संशय त्याच्यावर जाऊ नये म्हणून.

मग एक पानी करार. त्यात कामाचे स्वरूप आणि कालावधी, कोणाला विचारायचे, मोबाईलने फोटो काढायचे की नाही आणि काढले तर कुठे टाकायचे नाहीत, केलेल्या लिप्यंतराचा (मोडीतला मजकूर देवनागरीत उतरवण्याचा) आणि सूचीचा वापर संस्था कसा करील, नाव कुठे छापले जाईल, आणि दोन्ही बाजूंनी थांबायचे असेल तर किती दिवस आधी सांगायचे, हे सोप्या मराठीत असावे. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुले असतील तेव्हा खोलीत कायम दोन मोठी माणसे ठेवा. तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा तो क्रमांकही याच पानावर घ्या.

काम रंगात आले की स्वयंसेवक आपल्या घरचे कागद, वस्तू घेऊन येतात. हा मोठा विश्वास असतो. पण त्याच टेबलावर ते कागद ठेवून घेऊ नका. तात्पुरती पोच द्या, वेगळ्या खोक्यात ठेवा, आणि दान, ठेव की फक्त स्कॅनसाठी हे समितीसमोर ठरवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितांसाठी ती मर्यादा ७५ वर्षांची आहे. त्यामुळे कागदोपत्री मालकी स्पष्ट असणे दोघांच्याही हिताचे.

हाताळणीचे दीड तास

मूळ वस्तूला हात लावण्याआधी प्रत्येकाने हे दीड तासाचे प्रशिक्षण घ्यावे, प्राध्यापकांनीसुद्धा. शिकवण्यासाठी रद्दीतली जुनी वही, तुटका तांब्या आणि टाकाऊ फोटो वापरा.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सॅनिटायझर किंवा क्रीम लावून कागदाला हात लावू नका. कागदासाठी सुती हातमोजे नकोत. त्यांत बोटांना अंदाज येत नाही आणि ठिसूळ कडा अडकून तुटतात. छायाचित्रे, काचेच्या निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तू यांसाठी मात्र नायट्राईलचे मोजे घाला, कारण घामाचे ठसे तिथे कायमचे उमटतात. तलवारीच्या पात्यावर उघड्या बोटाने केलेला स्पर्श काही आठवड्यांत गंजाच्या रूपाने दिसतो. एकदा असे पाते मुलांना दाखवा, पुन्हा सांगावे लागत नाही.

टेबलावर शाईचे पेन नाही, फक्त मऊ पेन्सिल. पाण्याची बाटली आणि चहा दुसऱ्या खोलीत. अंगठ्या, बांगड्या, लोंबणारी ओळखपत्रे काढून ठेवायची. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. ही सवय मोठ्या माणसांत खोल असते, म्हणून प्रेमाने आणि पुन्हा पुन्हा सांगा. वस्तू उचलताना दोन्ही हात, एक तळाखाली. कान, कडी, मूठ धरून उचलायचे नाही. तो जोड कधीकाळी झाळलेला असतो आणि नेमका तिथेच सुटतो. नेण्याआधी ठेवायची जागा मोकळी करा.

सेलोटेप, स्टेपलर, रबर, डिंक आणि लॅमिनेशन यांना दारातच मज्जाव. चांगल्या हेतूने केलेल्या लॅमिनेशनने आमच्याकडचा एक जाहीरनामा कायमचा गेला. ते करणाऱ्याला कुणी काही सांगितलेच नव्हते. गंजलेल्या टाचण्या स्वयंसेवकाने ओढून काढू नयेत, फक्त यादीत नोंद करावी. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे काढावी, तोंडावर मास्क लावून. बुरशीची करडी-हिरवी पूड दिसली तर ब्रश खाली ठेवायचा, कागद पिशवीत वेगळा करायचा आणि समन्वयकाला हाक मारायची. कसर किंवा वाळवी दिसली तरी तेच.

आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य पहिल्याच दिवशी मोठ्याने म्हणा : "काही तुटले, फाटले तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही." मग खरोखरच रागावू नका. लपवलेला तुकडा केरात जातो. सांगितलेला तुकडा पाकिटात जातो आणि पुढे जोडता येतो.

मोडीचे टेबल

आमच्याकडे सर्वाधिक गर्दी इथेच असते, आणि सर्वाधिक चुकाही. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आधी आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे जोडत नेलेली असतात. वर्ग केलेला माणूस छापील धड्यातली मोडी वाचतो आणि खऱ्या कागदासमोर बसला की तासाभरात खचतो. त्याला सांगा की हे सगळ्यांचे होते. एकाच कारकुनाच्या हातचे आठ-दहा कागद सलग द्या. तिसऱ्या-चौथ्या कागदाला हात ओळखीचा होतो. वेगवेगळ्या हातांचे निवडक "सुंदर" कागद दिले तर महिन्याभरानेही ओळख होत नाही.

स्वयंसेवकांसमोर मूळ कागद ठेवू नका, स्कॅनची मोठी प्रत ठेवा. मूळ कागद शंकेच्या वेळीच काढा. लिप्यंतराचे नियम भिंतीवर लावा. जसे आहे तसे उतरवायचे, शुद्धलेखन सुधारायचे नाही. ओळीला ओळ. न लागलेले अक्षर चौकोनी कंसात टिंबांनी, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. फाटलेला भाग "कागद फाटला" असे लिहून. अर्थ लावायचा नाही, तो वेगळ्या रकान्यात. "रा॥" म्हणजे राजश्री, पण रकमेपुढे आलेले "॥" म्हणजे अर्धा, "।" म्हणजे पाव. अशा खुणांची यादी सगळ्यांनी मिळून वाढवत न्यावी. आमची यादी आता सहा पाने झाली आहे आणि नवा माणूस आधी तीच मागतो.

तारखांसाठी एक ठरलेली पद्धत हवी. शकात ७८ मिळवून इसवी सन ढोबळ मानाने मिळते. पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन, म्हणजे तेव्हाची एक वेगळी कालगणना, अरबी शब्दांत असतो. "इसन्ने सबैन मया व अलफ" हे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२. हे वर्ष मृग नक्षत्र लागते तेव्हा सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. इथे ते १७७१-७२ येते. "छ" नंतर आलेला आकडा मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्यातली तारीख, सांगतो. स्वयंसेवकाने मूळ तारीख उतरवावी आणि इसवी सन पेन्सिलने शेजारी लिहावे. पक्के करण्याचे काम दुसऱ्याचे.

दुसरा म्हणजे जोडीदार. प्रत्येक कागद दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, मग समोरासमोर बसून जुळवायचा. मतभेद राहिला तर दोन्ही वाचने ठेवायची. नवा-जुना अशी जोडी लावली की शिकवणे आपोआप होते. आमच्या सत्तरीतल्या एका काकांची नजर हळूहळू अधू होत गेली. चुका वाढल्या. त्यांना "आता नको" म्हणणे कुणालाच जमेना. शेवटी त्यांच्या जोडीला एक बारावीची मुलगी दिली. ती अक्षरे मोठ्याने सांगते आणि काका शब्द लावतात, कारण कोणत्या जागी कोणता शब्द येणार हे त्यांना ठाऊक असते. दोघांचा वेग इतर जोड्यांपेक्षा जास्त आहे.

एक काळजी अलीकडची. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जुन्या शाळांची जनरल रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, महसुली कागद यांत लोकांच्या जातींच्या नोंदी आहेत आणि त्यांवर आजची शिक्षणे, नोकऱ्या अवलंबून आहेत. स्वयंसेवकाने अशी नोंद सापडली म्हणून कोणाला परस्पर फोटो पाठवू नये, आणि "ही नोंद अशी आहे" असे कोणाला लिहूनही देऊ नये. विचारणा आली की अर्ज समन्वयकाकडे, प्रमाणित करण्याचे काम अधिकृत कार्यालयाकडे. नात्यातला माणूस विनंती करतो तेव्हा नाही म्हणणे फार जड जाते. म्हणून हा नियम संस्थेने लिहून ठेवावा, म्हणजे स्वयंसेवकाला त्याच्याकडे बोट दाखवता येते.

दालनातले मार्गदर्शक

याविषयी थोडक्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात "पथप्रदर्शक" नावाने स्वयंसेवक मार्गदर्शकांचा उपक्रम चालतो. छोट्या संस्थेने पाच वस्तू आणि वीस मिनिटे यांपासून सुरुवात करावी. प्रत्येक वस्तूविषयी खात्रीची माहिती एका पानावर द्या, आणि "मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे वाक्य मोकळेपणाने वापरायला शिकवा. ऐकीव दंतकथा सांगायची झाली तर ती दंतकथा म्हणूनच सांगावी. पहिल्या दोन फेऱ्यांना समन्वयकाने मागे उभे राहून ऐकावे.

दर आठवड्याचे

प्रत्येक बैठकीची सुरुवात दहा मिनिटांच्या सांगण्याने : मागच्या वेळी कुठवर आलो, आज काय. शेवटची पंधरा मिनिटे आवराआवरीला, आणि या वेळात कागद मोजून आत. नोंदवहीत दिनांक, नाव, आलो-गेलो वेळ, हाताळलेले दाखल क्रमांक आणि शेरा. ही वही तुमचा हिशेब आहे. अनुदान मागताना, पद मागताना, चोरीचा आळ आला तर, सगळीकडे हीच उपयोगी पडते.

कुणी दोन आठवडे आले नाही तर गटावर विचारू नका, फोन करा. बहुतेक वेळा घरात आजारपण असते. कुणी नियम सतत मोडत असेल तर एकट्यात, त्याच आठवड्यात बोला आणि दुसरे काम सुचवा. तरीही जमले नाही तर थांबायला सांगा. एका माणसाचे मन राखताना बाकीचे दहा हळूच निघून जातात.

आभाराचा समारंभ, शाल-श्रीफळ चांगलेच. पण लोक टिकतात ते आपले काम कुठे गेले हे दिसल्यावर. एखादा संशोधक त्यांनी केलेल्या सूचीवरून कागद मागायला आला की ती सूची करणाऱ्याला बोलावून घ्या आणि भेट घालून द्या.

पुराची यादी वेगळी

कोकणात आणि कृष्णाकाठी हे टाळता येत नाही. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. २००५ आणि २०२१, दोन्ही वर्षांच्या जुलैमधल्या पुरांनी त्याला गाठले. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला, तेव्हा जगभरातून आलेल्या तरुणांनी साखळ्या करून राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातली चिखलाने माखलेली पुस्तके हातोहात वर काढली. इटलीत त्यांना "चिखलातले देवदूत" म्हणतात. उत्साह अशा वेळी आपोआप येतो, तयारी मात्र आधीच करावी लागते.

ओल्या कागदावर ४८ ते ७२ तासांत बुरशी धरू लागते. म्हणून जून लागण्यापूर्वी दहा जणांची वेगळी यादी करा : जवळ राहणारे, तब्येत धडधाकट, फोन उचलणारे. सर्वांत आधी काय उचलायचे ते कपाटांच्या क्रमांकांसह ठरवा. टिपकागद, कोरा वर्तमानपत्री कागद, प्लास्टिकचे क्रेट, पंखे, हातमोजे, मास्क वरच्या मजल्यावर ठेवा. ओल्या पोथीची पाने उघडून पाहू नयेत, उन्हात टाकू नये, चिखल चोळू नये. क्रेटमध्ये उभी, सैल ठेवावी. सगळे वाळवणे लगेच शक्य नसेल तर गुंडाळून गोठवणे हा खरा उपाय आहे. आईस्क्रीम किंवा मासळीच्या शीतगृहाच्या मालकाशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा. वीज पूर्ण बंद आहे याची खात्री होईपर्यंत कोणीही आत पाऊल टाकायचे नाही. माणूस आधी, कागद नंतर, हे यादीच्या माथ्यावर लिहा.

निघणारा माणूस

विद्यार्थी पदवी घेऊन जातात, सुना बदलीच्या गावी जातात, आजोबा थकतात. जाणाऱ्याकडून अर्धा तास मागून घ्या : अपुरे काय राहिले, कोणत्या कागदात शंका आहे, काय वेगळे करता आले असते. किल्ली कधी दिलीच नसेल तर परत घेण्याचा प्रश्न येत नाही, पण संगणकाचा पासवर्ड बदला आणि लिप्यंतराच्या फायली संस्थेच्या संगणकावर उतरवून घ्या. लोकांच्या घरच्या लॅपटॉपवर आमची दोन वर्षांची सूची हरवली आहे.

आमच्या सूचीला आता शेवटचा एक रकाना आहे, "वाचन". त्यात प्रत्येक कागदासमोर दोन नावे आहेत, वाचणाऱ्याचे आणि ताडून पाहणाऱ्याचे. परवा ती बारावीची मुलगी, आता पुण्यात शिकते, सुटीत आली होती. तिने रुमाल १२ ची यादी मागितली, रकान्यातून बोट फिरवत काकांचे आणि आपले नाव एका ओळीत शोधले, आणि विचारले, "ताई, तेरावा सुरू झाला का?"